गिनी-बिसाऊ : आपल्या जिल्ह्याएवढ्या लोकसंख्येचा एक देश (भूगोल, इतिहास आणि राज्यकारभार)



आफ्रिका खंड शिकवताना आपल्या वर्गात काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच. सहारा वाळवंट, नाईल नदी, जंगलातले प्राणी, आणि शेवटी "तिथले लोक फार गरीब आहेत" असं एक वाक्य. पोरं ते वाक्य पाठ करतात आणि आफ्रिका तिथेच संपते. चोपन्न देशांचा खंड एका वाक्यात गुंडाळला जातो.

त्यापेक्षा एकच छोटा देश घ्यावा आणि तो नीट शिकवावा, असं मला वाटतं. आजच्या लेखासाठी मी पश्चिम आफ्रिकेतला गिनी-बिसाऊ हा देश निवडला आहे. या देशाचा आणि आपल्या मराठी मुलखाचा संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. ज्या पोर्तुगीजांनी गोव्यावर ४५१ वर्षे राज्य केलं, त्यांचंच राज्य इथेही होतं. आपल्या कोकणात जो काजू पिकतो, त्याच काजूवर हा देश जगतो. आणि गोव्यावरचा भारताचा हक्क पोर्तुगालने शेवटी मान्य केला, त्यात या देशातल्या भातशेतकऱ्यांचाही वाटा आहे. तो कसा, ते पुढे बघू.

लेखभर एक प्रश्न हाताशी ठेवू या. राज्यकर्ता तोच, समुद्रकिनारा तसाच, पीकही तेच. मग गोव्यात मतपेटीतून सरकार बदलतं आणि गिनी-बिसाऊत ते वारंवार बंदुकीने का बदलतं? मुलांना हा प्रश्न आधी सांगून ठेवा. उत्तर लगेच देऊ नका.

थोडक्यात माहिती (फळ्यावर लिहिण्यासाठी)

- देशाचे नाव : गिनी-बिसाऊ (शेजारी "गिनी" नावाचा वेगळा देश आहे, म्हणून राजधानीचे नाव जोडले)
- राजधानी : बिसाऊ
- क्षेत्रफळ : ३६,१२५ चौरस किलोमीटर
- लोकसंख्या : साधारण २० ते २२ लाख
- सीमा : उत्तरेला सेनेगल, पूर्वेला व दक्षिणेला गिनी, पश्चिमेला अटलांटिक महासागर
- राजभाषा : पोर्तुगीज, लोकांची बोलभाषा : क्रिओल
- मुख्य अन्न : भात, मुख्य निर्यात : काजू
- चलन : सीएफए फ्रँक (१९९७ पासून)
- स्वातंत्र्य : २४ सप्टेंबर १९७३ रोजी जाहीर, पोर्तुगालची मान्यता १० सप्टेंबर १९७४

आधी आपलं माप, मग त्यांचं

कुंभार पिंपळगावच्या मुलाला "३६,१२५ चौरस किलोमीटर" म्हटलं तर काहीच समजत नाही. आकडा मोठा आहे एवढंच कळतं. म्हणून माप घरचं घ्यावं.

आपल्या जालना जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण ७,७०० चौरस किलोमीटर. म्हणजे जालन्यासारखे साडेचारहून थोडे जास्त जिल्हे एकत्र केले की हा देश होतो. मराठवाड्याच्या निम्म्याहून जरा मोठा म्हणा. आणि लोकसंख्या? २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. म्हणजे एका देशात जेवढी माणसं, जवळपास तेवढी आपल्या एका जिल्ह्यात! हे ऐकलं की पोरं चमकतात. आणखी एक गंमत सांगा. आपल्या जिल्ह्यात तालुके ८ आहेत, आणि त्या देशातही राजधानी बिसाऊ सोडून विभाग ८ च आहेत. फरक एवढाच की आपल्या ८ तालुक्यांचा कारभार जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद बघते, आणि तिथल्या ८ विभागांसाठी राष्ट्रपती, पंतप्रधान, संसद, लष्कर आणि परदेशातले राजदूत सगळं लागतं. लहान देश चालवणं खर्चाचं का असतं, हे यातून आपोआप समजतं.

आता वेळ. बिसाऊचं घड्याळ आपल्या मागे साडेपाच तास. आपली शाळा सकाळी साडेदहाला भरते, तेव्हा बिसाऊत पहाटेचे पाच वाजलेले असतात. रेखावृत्तांचा पाठ घेताना हे उदाहरण वापरून बघा.

भूगोल : भरतीच्या पाण्याचा देश

नकाशात हा देश पाहिला तर किनारा फाटक्या कापडासारखा दिसतो. काशेऊ, मान्सोआ, जेबा, कोरुबाल या नद्या समुद्राला मिळतात तिथे त्यांची रुंद मुखं झाली आहेत. जमीन इतकी सखल की भरतीचं पाणी नद्यांतून कितीतरी किलोमीटर आत शिरतं. देशाचा बराच भाग खाड्या, दलदल आणि खारफुटीचा आहे. सगळ्यात उंच जागासुद्धा ३०० मीटरच्या आसपास. जालना शहर समुद्रसपाटीपासून त्याहून जास्त उंचीवर आहे, हे मुलांना सांगा.

आपली मुलं गोदावरीकाठची. नदीचं पाणी एकाच दिशेने वाहतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. दिवसातून दोनदा नदी उलटी फिरते म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागेल. ज्यांनी कोकणातली खाडी पाहिली आहे, त्या मुलाला किंवा पालकाला वर्गात बोलावून सांगायला लावा.

हवामान मात्र ओळखीचं वाटेल. जूनच्या सुमारास पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालतो. बाकी महिने कोरडे. आपल्यासारखेच पावसाळा आणि उन्हाळा असे दोन ठळक ऋतू. पाऊस मात्र किनाऱ्याकडे १,५०० ते २,००० मिलिमीटर, म्हणजे आपल्या दुपटीहून जास्त. हिवाळ्याच्या महिन्यांत सहाराकडून कोरडा, धुळीचा वारा येतो. त्याला हरमाटन म्हणतात.

किनाऱ्यासमोर समुद्रात बिजागोश नावाचा ८८ बेटांचा समूह आहे. त्यातल्या ओरांगो बेटावरचे पाणघोडे खाऱ्या पाण्यातही वावरतात. पोइलांव या लहानशा बेटावर हिरवी समुद्री कासवं मोठ्या संख्येने अंडी घालायला येतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या कासवांबद्दल मुलांनी ऐकलं असेल तर इथे जोडून घ्या. या बेटांचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

आता शेती. इथले बालांता जमातीचे शेतकरी खारफुटीच्या दलदलीत मातीचे बांध घालतात, समुद्राचं खारं पाणी बाहेर अडवतात, पावसाच्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन काढतात आणि मग त्यात भात लावतात. कोकणात आपण याला खार जमीन म्हणतो आणि गोव्यात खाजन म्हणतात. तिथे बांध, दारं आणि गावाने मिळून केलेली राखण हीच पद्धत आहे. दोन्हीकडचे शेतकरी हे आपापल्या अकलेने करत आले आहेत. "आफ्रिकेतली मागास शेती" असं वाक्य कोणी उच्चारलं, तर खारबंधाऱ्याचं चित्र काढून दाखवा. समुद्राला अडवून भात पिकवणं हे अडाण्याचं काम नव्हे.

काजू : एक पीक, दोन गिऱ्हाइकं

काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. आपला "काजू" हा शब्दच पोर्तुगीज "काजू" वरून आलेला आहे. आफ्रिकेतही तो त्यांच्याच जहाजांतून गेला. गिनी-बिसाऊत मात्र काजूची लागवड सगळीकडे पसरली ती स्वातंत्र्यानंतर, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत.

आज या देशाच्या निर्यातीच्या कमाईतला फार मोठा वाटा, साधारण दहातले नऊ रुपये म्हणा ना, एकट्या काजूतून येतो. आणि तो काजू जातो कसा? बी फोडून, गर काढून, डब्यात भरून नव्हे. टरफलासकट, गोण्यांत भरून कच्चा जातो. मोठी गिऱ्हाइकं दोन : भारत आणि व्हिएतनाम. आपल्याकडे केरळात कोल्लम, कर्नाटकात मंगळूर आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्गापासून कोल्हापूरच्या चंदगड-आजऱ्यापर्यंत काजू फोडण्याचे कारखाने आहेत. स्थानिक काजू वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतला कच्चा काजू आणावा लागतो. दिवाळीच्या काजूकतलीत आफ्रिकेचा काजू असू शकतो, हे घरी जाऊन आईला सांगायला मुलांना सांगा.

इथे एक हिशेब फळ्यावर मांडा. साधारण ४ ते ५ किलो कच्च्या काजूतून १ किलो गर निघतो. बी वाफवायची, फोडायची, गर सुकवायचा, साल काढायची, आकारानुसार प्रत लावायची. ही सगळी मजुरी आणि त्यावरचा नफा जिथे कारखाना आहे तिथे राहतो. जिथे झाड आहे तिथे फक्त कच्च्या मालाचा भाव पोचतो.

तो भावही आपल्या हातात नसतो. गिनी-बिसाऊच्या खेड्यांत बरेच शेतकरी काजू देऊन तांदूळ घेतात, म्हणजे थेट अदलाबदल. बऱ्या वर्षी किलोला किलो मिळतं. भाव पडला की एका किलो तांदळासाठी दोन किलो किंवा त्याहूनही जास्त काजू मोजावा लागतो. झाड तेच, कष्ट तेच, पण ताटातला भात निम्मा होतो.

हे समजावून सांगायला घनसावंगी तालुक्यात फार लांब जावं लागत नाही. ज्या घरात सगळं रान कापसाखाली आहे, त्या घरातल्या मुलाला विचारा : भाव पडतो तेव्हा घरात काय काय थांबतं? तो सांगेल. मोसंबीवाल्याला विचारा, ऊसवाल्याला विचारा. फरक हा की आपल्याकडे एका घराचं असं होतं, शेजारचं घर वेगळ्या पिकावर तग धरतं. तिथे अख्ख्या देशाचं तसं होतं. काजूचा हंगाम बिघडला की सरकारची तिजोरी बिघडते आणि शिक्षकांचे पगारसुद्धा अडकतात.

इतिहास : किल्ल्यापासून देशापर्यंत

पोर्तुगीजांच्या आधी इथे काही नव्हतं, असं समजू नका. देशाच्या पूर्व भागात काबू नावाचं मांडिंगा लोकांचं राज्य होतं. आधी ते माली साम्राज्याचा भाग होतं, नंतर स्वतंत्र झालं आणि १८६७ पर्यंत टिकलं.

पोर्तुगीज खलाशी इथल्या किनाऱ्यावर १४४६ च्या सुमारास आले, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या पन्नास वर्षं आधी. पुढे काशेऊ आणि बिसाऊ इथे त्यांनी ठाणी बांधली. या ठाण्यांचा मुख्य धंदा कोणता? माणसांचा. आतल्या मुलखातून पकडून आणलेली माणसं इथून केप व्हर्द बेटांवर आणि पुढे ब्राझीलला गुलाम म्हणून विकली गेली. ब्राझीलमधून काजूचं झाड निघालं, आणि ब्राझीलकडे माणसं नेली गेली. हा भाग मुलांना सांगताना घाई करू नका. पाचवी-सहावीच्या मुलांनाही तो समजतो, फक्त शांतपणे सांगावा लागतो. काशेऊमध्ये आज गुलामीच्या इतिहासाचं संग्रहालय आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. शेकडो वर्षं पोर्तुगीजांचं राज्य किल्ल्याच्या तटापुरतंच होतं. आतल्या राजांना ते कर आणि नजराणे देत होते. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपीय देशांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले. १८८६ मध्ये फ्रान्स आणि पोर्तुगाल यांनी आपसात करार करून या देशाची सीमा आखली. तिथल्या लोकांना कोणी विचारलं नाही. त्यानंतर लष्करी मोहिमा काढून मुलूख ताब्यात घेतला गेला. मुख्य भूमी १९१५ पर्यंत, आणि बिजागोश बेटं तर १९३६ पर्यंत झुंजत होती. म्हणजे "पाचशे वर्षांचं राज्य" हे कागदावरचं. प्रत्यक्षात सगळा देश ताब्यात होता तो काही दशकंच. आणि तेवढ्या काळात त्यांनी तिथे ना पुरेशा शाळा काढल्या, ना गावाला कारभार शिकवला.

आपल्याकडेही वसई त्यांच्याकडे १५३४ मध्ये गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. गोवा मात्र १५१० पासून १९६१ पर्यंत त्यांच्याकडे राहिला.

गोवा आणि गिनी : एकाच दोरीचे दोन पीळ

भारत १९४७ ला स्वतंत्र झाला, मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, पण गोवा राहिला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार म्हणायचा की आमच्या वसाहती नाहीतच, हे तर पोर्तुगालचे "सागरापलीकडचे प्रांत" आहेत. १९५१ मध्ये राज्यघटनेतच तसं लिहून टाकलं. गोव्याला हे उत्तर, गिनीलाही हेच उत्तर.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले, तेव्हा पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि अनेकांचे जीव गेले. चार वर्षांनी, ३ ऑगस्ट १९५९ रोजी, बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या बंदर कामगारांवर गोळीबार झाला. सुमारे ५० जण मारले गेले. दोन समुद्रांवरचे दोन गोळीबार, हुकूम देणारी राजवट एकच.

दोन्हीकडच्या लोकांना हे कळत होतं. एप्रिल १९६१ मध्ये मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरात पोर्तुगीज वसाहतींतल्या स्वातंत्र्य चळवळींची एक संयुक्त परिषद स्थापन झाली. त्यात अंगोला, मोझांबिक, गिनी यांच्यासोबत गोव्याचेही लोक होते. गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे त्यातलं महत्त्वाचं नाव. पुढे त्यांनी मोझांबिकलाच आपला देश मानलं. त्याच वर्षी डिसेंबरात भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. १९ डिसेंबर १९६१.

गिनीकडे भारतासारखा मोठा भाऊ नव्हता. त्यांना ११ वर्षं लढावं लागलं.

आमिल्कार काब्राल : शेती शिकलेला सेनापती

या लढ्याचा नेता आमिल्कार काब्राल. जन्म १२ सप्टेंबर १९२४, बाफाता गावी. शिक्षण पोर्तुगालमधल्या लिस्बनला, आणि विषय शेतीशास्त्र! परत आल्यावर १९५३ मध्ये त्याने सरकारी नोकरीत देशाची शेती-गणना केली. खेड्याखेड्यांत फिरला, कोण किती जमीन कसतं, काय पिकवतं, काय खातं हे लिहून घेतलं. पोर्तुगीज सरकारने त्याला आकडे आणायला पाठवलं होतं. त्याने आकडे आणले आणि आपला देशही ओळखून घेतला. १९५६ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी गिनी व केप व्हर्द यांच्या स्वातंत्र्यासाठी पक्ष काढला. त्याचं पोर्तुगीज लघुरूप पीएआयजीसी.

जानेवारी १९६३ मध्ये सशस्त्र लढा सुरू झाला. शिक्षकांनी खास वाचावं असं पुढे आहे. जो भाग मुक्त होई, तिथे पक्ष शाळा काढी. इमारत नाही, झाडाखाली वर्ग. विमानं बॉम्ब टाकायची, म्हणून शाळा जंगलाच्या आडोशाला. पाठ्यपुस्तकं त्यांनी स्वतः तयार केली आणि ती छापली गेली चक्क स्वीडनमध्ये. दवाखाने, लोकांची दुकानं, गाव समित्या उभ्या केल्या. १९७२ मध्ये मुक्त भागात निवडणूकही घेतली.

२० जानेवारी १९७३ रोजी काब्रालचा खून झाला. शेजारच्या गिनीची राजधानी कोनाक्री इथे, त्याच्याच पक्षातल्या काही माणसांनी तो केला. स्वातंत्र्याची घोषणा आठ महिन्यांवर आली होती. ती त्याने पाहिली नाही.

आता त्या गोव्याच्या धाग्याकडे येऊ. आफ्रिकेतल्या युद्धांनी पोर्तुगालचं सैन्यच थकलं. गिनीत लढून आलेल्या आणि इतर अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधली हुकूमशाही उलथून टाकली. नव्या सरकारने सप्टेंबरात गिनी-बिसाऊला मान्यता दिली. आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारताशी करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे भारताचेच आहेत हे पोर्तुगालने पहिल्यांदा मान्य केलं. गोवा मुक्त झाल्याला तेव्हा १३ वर्षं झाली होती! बांध घालून भात पिकवणाऱ्या त्या शेतकऱ्यांचं आपल्यावर हे न मोजलेलं देणं आहे.

शाळेची भाषा कोणती?

स्वातंत्र्यानंतर निरक्षरता ही मोठी अडचण होती. ब्राझीलचे जगप्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांना नव्या सरकारने बोलावलं. १९७५-७६ मध्ये त्यांनी तिथल्या प्रौढ साक्षरतेच्या कामाला मदत केली. त्या काळातल्या पत्रांचं पुस्तकही झालं. पण मोहीम फसली. मोठं कारण भाषेचं. शिकवणं पोर्तुगीजमध्ये होतं, आणि खेड्यातली माणसं पोर्तुगीज बोलतच नव्हती. ती घरी आपापल्या जमातीची भाषा बोलत आणि बाजारात क्रिओल. जी भाषा कानावर पडत नाही, तिच्यात अक्षर ओळख कशी टिकणार?

आजही तिथलं बहुतेक मूल शाळेत पहिल्या दिवशी न समजणारी भाषा ऐकतं. पालकहो, हे परक्या देशाचं वाटतं का? आपल्याच तालुक्यात तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं लेकरू पहिलीत येतं तेव्हा त्याला मराठी परकी असते. आणि घरात कोणीच इंग्रजी बोलत नसताना आपण लेकराला तीन वर्षांचं असताना पिवळ्या गाडीत बसवून इंग्रजी शाळेत पाठवतो, तेव्हा आपण काय करतो, याचा विचार या धड्याच्या निमित्ताने जरूर करावा.

राज्यकारभार : कागदावर आणि जमिनीवर

नोव्हेंबर २०२५ पर्यंत कागदावरची व्यवस्था अशी होती : राष्ट्रपती लोकांनी थेट निवडायचा, मुदत ५ वर्षे. संसदेचं एकच सभागृह, त्याचं नाव राष्ट्रीय लोकसभा, सदस्य १०२, मुदत ४ वर्षे. बहुमताच्या पक्षाचा पंतप्रधान. आपल्याकडे राष्ट्रपती मुख्यतः घटनात्मक प्रमुख असतात. तिथे राष्ट्रपती आणि पंतप्रधान दोघांकडेही खरी सत्ता असे, म्हणून दोघांत वरचेवर तंटे होत.

जमिनीवर काय झालं ते बघा. १९७३ ते १९८० लुइश काब्राल (आमिल्कारचा सावत्र भाऊ) राष्ट्रपती. १९८० मध्ये लढ्यातलाच सेनानी जुआंव बेर्नार्दो व्हिएरा याने उठाव करून सत्ता घेतली. अनेक पक्षांची पहिली निवडणूक १९९४ मध्ये झाली. १९९८-९९ मध्ये यादवी. मग १९९९, २००३, २०१२ असे उठाव. २००९ मध्ये व्हिएरा राष्ट्रपती असतानाच मारला गेला. जुझे मारियु व्हाझ २०१४ मध्ये निवडून आले आणि पूर्ण मुदत संपवणारे ते पहिले निवडून आलेले राष्ट्रपती ठरले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदान झालं, निकाल लागायच्या आत लष्कराने पुन्हा सत्ता हातात घेतली. लोकांनी रांगा लावून दिलेली मतं पेटीतच राहिली.

आता सुरुवातीचा प्रश्न मुलांना परत विचारा. गोव्यात असं का झालं नाही?

काही मुलं म्हणतील, "आफ्रिकेतले लोक भांडतात." इथे थांबा आणि केप व्हर्दचं उदाहरण द्या. हा बेटांचा देश, गिनी-बिसाऊचाच जुळा भाऊ. राज्यकर्ते तेच पोर्तुगीज, लढ्याचा पक्षही तोच. ५ जुलै १९७५ रोजी स्वतंत्र झाला. जमीन कोरडी, दुष्काळी. तरी १९९१ मध्ये तिथे निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला आणि निमूट बाजूला झाला. तेव्हापासून मतानेच सरकारं बदलतात. (२०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी हा चिमुकला देश पात्र ठरला, हे मुलांना आधीच माहीत असेल!) म्हणजे दोष रक्तात नाही, खंडातही नाही.

मग फरक कुठे? राज्यकर्ता गेला त्या दिवशी मागे काय उभं होतं, यात. गोवा चालत्या प्रजासत्ताकात आला. घटना होती, न्यायालयं होती, निवडणूक आयोग होता, आणि लष्कर नागरी सरकारच्या हुकमात होतं. दोन वर्षांत, डिसेंबर १९६३ मध्ये, गोव्यात निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, बहुतेक मराठी माध्यमाच्या. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही हा तापलेला वादही १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने मिटला. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाला. केप व्हर्दच्या भूमीवर युद्धच झालं नव्हतं, त्यामुळे तिथे सत्तेवर हक्क सांगणारं मोठं सैन्य नव्हतं. गिनी-बिसाऊत मात्र ११ वर्षं लढलेलं सैन्य हीच देशातली सगळ्यात मजबूत संस्था होती. देश आम्ही सोडवला, म्हणजे तो आमचाच, असं सैनिकांना वाटत राहिलं. झाडाखालच्या शाळा आणि गाव समित्या काब्रालने सुरू केल्या होत्या, पण त्यांना रुजायला वेळ मिळाला नाही. त्यात काजूशिवाय दुसरी कमाई नाही. ज्याच्या हाती सरकार, त्याच्या हाती पैसा. मग खुर्चीसाठी मारामारी ठरलेलीच.

वर्गात कसं घ्याल?

१. जालना जिल्ह्याचा आणि गिनी-बिसाऊचा नकाशा एकाच प्रमाणात काढून शेजारी लावा. गोवाही काढा. त्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर.

२. काजूची गोष्ट नाट्यरूपात करा. एक मुलगा शेतकरी, एक व्यापारी, एक जहाजवाला, एक कारखानदार, एक मिठाईवाला. प्रत्येकाच्या हातात किती पैसे राहिले ते शेवटी मोजा. मग तेच नाटक कापसावर करा. ही चर्चा मुलं घरी घेऊन जातील.

३. ट्रेमध्ये माती घालून खारबंधारा बनवा. एका बाजूला मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला गोडं पाणी. बांध फुटला तर काय होतं ते मुलांना बघू द्या.

४. कालरेषा आखा. वरच्या ओळीत गोवा, खालच्या ओळीत गिनी-बिसाऊ. १९५५, १९५९, १९६१, १९६३, १९७३, १९७४ ही वर्षं लिहा. दोन ओळी कुठे जोडतात ते मुलांना शोधू द्या.

५. वर्गमंत्र्याची निवडणूक घ्या. चिठ्ठ्या टाकून झाल्यावर त्या न मोजताच सांगा, "आता मंत्री मीच नेमतो." वर्गात जो गोंधळ उठेल तो उठू द्या. मग चिठ्ठ्या मोजा आणि निकाल लावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या मतदाराला काय वाटलं असेल, हे वेगळं समजवावं लागणार नाही.

मुलांना विचारायचे प्रश्न

- गिनी-बिसाऊ हे नाव कसे पडले?
- बालांता शेतकऱ्यांची भातशेती आणि कोकणातील खार जमीन यांत साम्य काय?
- कच्चा काजू विकणाऱ्या देशाचे नुकसान कसे होते? आपल्या भागातील एका पिकाचे उदाहरण द्या.
- शेती-गणना करताना आमिल्कार काब्राल काय शिकला असेल?
- पोर्तुगालने गोव्यावरचा भारताचा हक्क १९७४ मध्येच का मान्य केला?
- केप व्हर्द आणि गिनी-बिसाऊ यांच्या राज्यकारभारात फरक का पडला?
- आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि निकालच लावला नाही, तर गावात काय होईल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलांना पुस्तकात सापडणार नाही. ते त्यांनी घरी आजोबांना, वडिलांना, गावात निवडून आलेल्या ताईंना विचारून लिहावं. पालकहो, तेव्हा पाच मिनिटं काढून लेकराशी नीट बोला. ग्रामसभेला आपण जातो का, असंही ते विचारील. त्याचं उत्तर खरं द्या.